गाठोडं बसेल अशी सायकल

...आणि वर मलाच विचारतो, "गरज काय तुमची?" अहो, गरज काय म्हणजे? सायकलच्या दुकानात माणूस दाढी करायला येतो का? मी म्हटलं, सायकल पाहिजे, फोल्डिंगची, जुनी मोडली, तिच्या जागी दुसरी. संपला विषय! तर तो दुकानदार दोन्ही हात असे छातीशी बांधून, डॉक्टर रिपोर्ट उघडण्याआधी आपल्याकडे बघतात ना, तसा माझ्याकडे बघतो आणि अगदी मऊ आवाजात म्हणतो, "ते कळलं हो साहेब... पण गरज काय तुमची?" तुम्हाला सांगतो, एवढ्या आपुलकीने मला आयुष्यात कुणी हे विचारलेलं नाही. घरात नाही, कामावर नाही, सासुरवाडीला तर नाहीच नाही! वाटलं, सांगून टाकावं याला खरं काय ते. पण नाही सांगितलं. आणि तिथून पुढे सगळं लचांड मागे लागलं.

पण थांबा, असं शेंड्याकडून नको, जुन्या सायकलीपासून सांगतो. माझी जुनी सायकल निळी होती, छोट्या चाकांची, मधोमध बिजागरी. खटका उघडला की मिटायची. आता फोल्डिंगचीच का? तर मी लिफ्टवाला. लिफ्टवाला म्हणजे आत स्टुलावर बसून "कितवा मजला?" विचारणारा नव्हे हं, बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा. आणि राहतो कुठे? तिसऱ्या मजल्यावर. बिनलिफ्टच्या इमारतीत! हसा, हसा... सगळेच हसतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अख्ख्या गावाला वरखाली न्यायची सोय करतो आणि संध्याकाळी स्वतः सायकल खांद्यावर टाकून तीन जिने चढतो. खाली ठेवायला जागा नाही, म्हणून वर न्यायची. वर ठेवायलाही जागा नाही, म्हणून मिटून दाराआड ठेवायची. सकाळी बसथांब्यापर्यंत चालवायची, बसमध्ये मिटून पायाशी घ्यायची, उतरलं की पुन्हा उघडायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कधी कुरकुर केली नाही बिचारीनं.

आणि मग एक दिवस सिग्नलला उभा होतो. दिवा हिरवा झाला, मी पायडल मारलं आणि सायकल मिटली! फोल्डिंगची सायकल मिटायचीच असते, मान्य आहे, पण मी वर बसलेलो असताना? पुढचं चाक मागच्या चाकाला भेटायला आलं आणि मधे मी! मागचे लोक हॉर्न मारतायत, मी रस्त्यात बसलोय, टोपी एकीकडे, डबा एकीकडे... एक आजोबा लगबगीनं आले. वाटलं, देवमाणूस आहे, उठवतोय आपल्याला. तर वाकून सायकलकडे बघत म्हणतात, "वा! एका झटक्यात मिटते की हो! कुठून घेतली?"

वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्यानं बिजागरीवर बोट फिरवलं. म्हणाला, "तडा आरपार गेलाय. वेल्डिंग मारून देतो. पण मग ही मिटणार नाही." म्हटलं, चालेल. "आणि हिच्यावर बसायचंही नाही." अहो, मग करू काय मी तिचं? तर म्हणतो, "शोभेला छान दिसेल." कुठे? दाराआड?

तर महिनाभर नुसत्या बसनं गेलो. आणि घरात नुसता आनंदीआनंद! आई म्हणाली, "बरं झालं मेली ती सायकल, आता दिवसाउजेडी घरी येतोस." लेक म्हणाली, "बाबा, नाहीतरी ती सायकल फार बालिश होती." परतीची बस थेट घरासमोर सोडते, वेळेत पोचतो, गुडघ्याला आराम, शर्टाला तेल नाही. सगळं कसं झकास! आणि तुम्हाला सांगतो, इतका वाईट महिना मी उभ्या जन्मात काढलेला नाही.

का म्हणाल तर ऐका. आमची ही रेडिमेड कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात कामाला आहे. पँटी आखूड कर, कमर आत घे, बाही सोड, असलं काम. आणि रोज संध्याकाळी उरलेलं काम घरी आणायचं, त्याचं हे एवढं गाठोडं! तिचं दुकान माझ्या वाटेवर. मी तिच्या दुकानाशी बसमधून उतरायचो, सायकल उघडायचो, गाठोडं कॅरियरला बांधायचो आणि आम्ही दोघं घरापर्यंत चालत यायचो. मी सायकल ढकलतोय, ही पलीकडून गाठोड्यावर हात ठेवून चाललीय. आता मी सायकलवर बसून जाणार कसा? ही काय मागून धावणार? म्हणजे बघा, संध्याकाळच्या रस्त्याला त्या सायकलवर मी कधी बसलोच नाही. बसलं ते गाठोडं! मी त्याचा ड्रायव्हर, तोसुद्धा पायी.

आणि बोलायचो हो आम्ही! संसार घरात होतो असं म्हणतात... आमचा घरात नव्हताच, आमचा त्या रस्त्यावर होता. घरात आम्ही काय बोलतो सांगू? "दूध आलं?" "आलं." "नळ बंद केला?" "केला." झालं! पलीकडे आईचा टीव्ही, अलीकडे लेकीचा "बाबा, हळू बोला, अभ्यास करतेय", आणि ही शिलाई मशीनवर बसली की खर्रर्र... त्यात माणूस बोलणार काय आणि ऐकणार काय? पण रस्त्यावर! तिच्या भावाचा विषय निघाला की पेट्रोल पंपापर्यंत कडाक्याचं भांडण. पुलावर लेकीची काळजी, दोघांची मिळून. पूल उतरला की दुकानातल्या बायकांच्या नकला, अशा नकला करते ही की सायकल थांबवून हसावं लागतं. आणि शेवटच्या वळणानंतर दोघं गप्प. पण ते गप्प राहणं वेगळं हो... ते बोलून झाल्यावरचं.

सायकल मोडली आणि सगळं बंद पडलं. गाठोडं घेऊन एवढं चालणार कोण? ते डोक्यावर घेऊन मी निघालो असतो तर ही म्हणाली असती, सोंगं करू नका. म्हणून ती तिच्या बसनं, मी माझ्या बसनं. दूध आलं? आलं. नळ बंद केला? केला.

अशात एक दिवस मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. याला जगातलं सगळं कळतं, फक्त आपण कधी उठावं ते कळत नाही. दारातूनच ओरडला, "दाजी! अभिनंदन! पार्टी कधी?" मी म्हटलं, कसली? "कसली काय? ताईला आल्टरेशनची मुख्य केली की! आता पाच-सहा बायका हाताखाली!" आणि मी... काय सांगू तुम्हाला, मी असा चेहरा केला की जणू मला केव्हापासून माहीत आहे! "हो हो, ती होय... देऊ की पार्टी." माझ्या बायकोला बढती मिळाली आणि मला कळलं मेहुण्याकडून! तेही, ज्या माणसावरून आम्ही पेट्रोल पंपापर्यंत भांडतो, त्याच्याकडून!

आत गेलो. ही मशीनवर. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" मशीन थांबलं. दोरा दातानं तोडत म्हणाली, "सांगणारच होते हो. रोज ठरवते. पण सांगू कुठे? दुधाच्या आणि नळाच्या मधे?" आणि पुन्हा खर्रर्र. चिडली नव्हती हं. चिडली असती तर परवडलं असतं. मला फार वाईट वाटलं. वाटलं, हे असंच चाललं तर एक दिवस शेजाऱ्यांसारखे होऊ आपण, जिन्यात भेटलो की "काय, बरं आहे ना?" म्हणणारे. म्हटलं, बास. उद्या सायकल.

तर दुसऱ्या दिवशी दुकानात. तो हाताची घडी घालून उभा. "गरज काय तुमची?"

आता मी सरळ सांगायला काय हरकत होती? "बाबा रे, बायकोशी बोलायचंय, सायकल दे." पण सांगवेना! या वयात, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला बाप्या असं बोलतो का? त्यात मेहुणा बरोबर. बोलावला नव्हता, आला होता. मग काय, ताकाला जाऊन भांडं लपवलं! म्हटलं, "अं... तीन जिने आहेत." दुकानदाराचे डोळे चमकले. "म्हणजे वजन! वजन ही तुमची गरज!" मेहुणा म्हणाला, "छे छे, दाजींची गरज बॅटरी. यांचे गुडघे बघा." दुकानदार खरंच माझ्या गुडघ्यांकडे बघायला लागला! मेहुणा म्हणतो गिअर पाहिजेत, दुकानदार म्हणतो चाक मोठं पाहिजे, तेवढ्यात लेकीचा फोन, "बाबा, काळीच घ्या हं, प्लीज, निळी नको." मागून आईचा आवाज, "पडणार नाही अशी घे म्हणावं!" सगळ्यांना माझी गरज माहीत! मलाच काय ती नाही!

शेवटी त्यानं एक काढली. काळीभोर. उचलली तर काय सांगू, रिकामी पिशवी उचलावी तशी वर आली! मिटली की सुटकेस. गल्लीत एक चक्कर मारली आणि वारं प्यायल्यासारखी पळाली हो. मला वाटलं मी कॉलेजात आहे. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा, दोन दिवस चालवून बघा, आवडली तर ठेवा." मेहुणा म्हणाला, "दाजी, एकदम तरुण दिसताय." मी भुललो. खरं सांगतो, भुललो. मोठ्या दिमाखात संध्याकाळी हिच्या दुकानाशी हजर! ही बाहेर आली, गाठोडं काखेत. सायकल बघितली, पुढून बघितली, मागून बघितली. म्हणाली, "छान आहे. कॅरियर कुठाय?"

कॅरियर.

अहो, नव्हतंच! एवढी हलकी कशी झाली म्हणता? कॅरियर काढून, मडगार्ड काढून! मी सीटवर गाठोडं ठेवून बघितलं, घसरलं. हँडलला लटकवलं, सायकलीनं मान टाकली. एका हातानं गाठोड्याला मिठी मारून सायकल ढकलायला गेलो, तर पायडल नडगीवर असं बसलं की ब्रह्मांड आठवलं. तेवढ्यात हिची बस आली. "राहू दे हो, या तुम्ही मागून," म्हणाली आणि चढली गाठोड्यासकट.

आणि मग... हसू नका. मी बसच्या बाजूनं सायकल हाणायला लागलो. ही खिडकीत. सिग्नल लागला की बस थांबायची, मी खिडकीखाली पोचायचो आणि धापा टाकत विचारायचो, "मग... काय म्हणतात... नवीन बायका?" ही म्हणायची, "एक आहे, ती ना..." की दिवा हिरवा! बस पुढे! पुढच्या सिग्नलपर्यंत ती एक कोण आणि तिनं काय केलं याच्या विचारात मी! बसमधली माणसं खिडकीशी गोळा झालेली. एका बाईंनी तर माझ्याकडे बघून हिला विचारलं, "त्रास देतोय का हो तो?" ही म्हणाली, "वर्षानुवर्षं." अख्खी बस हसली. पण हसता हसता ही माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, तुम्हाला सांगतो, आणि मला वाटलं, हिलाही तेच पाहिजे जे मला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी कामावर एक लिफ्ट अडकली. दोन मजल्यांच्या मधे. आत दोन माणसं, एकाच मजल्यावरचे शेजारी, वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, पार्किंगवरून. मी वर दोर तपासतोय आणि खालून आवाज येतायत. आधी ठणाणा, मग भांडण, मग शांतता, आणि दार उघडलं तेव्हा एकजण दुसऱ्याला आपल्या हार्टच्या गोळ्यांची माहिती देत होता! बाहेर आले तर मलाच म्हणतात, "एवढ्या लवकर काढलंत?" हे मी नेहमी बघतो. माणसाला बोलायचं असतं, पण त्यासाठी त्याला कशात तरी अडकावं लागतं. मोकळा सोडला की तो टीव्ही लावतो. आम्ही दोघं त्या गाठोड्यात अडकलेले होतो हो! आणि मी दुकानात जाऊन मागतोय काय? हलकी! जोरात पळणारी!

संध्याकाळी हिला म्हटलं, चल तूच दुकानात. काळी सायकल परत केली. दुकानदारानं पुन्हा हाताची घडी घातली आणि या वेळी हिच्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा. यांची गरज काय?" मी लगेच, "तीन जिने..." तर ही मला थांबवत सरळ म्हणाली, "ह्यांना माझ्याशी बोलायचंय. चालताना."

दुकानात हवा भरायचा पंप चालू होता, तोसुद्धा तेव्हाच बंद पडला! मी भिंतीवरच्या टायरांकडे बघायला लागलो. कान असे तापले होते की त्यावर इस्त्री गरम झाली असती. म्हटलं, आता हा फिदीफिदी हसणार. नाही हसला. हळूच मला विचारतो, "म्हणजे... काय बोलता हो रोज?"

मग हिनं कारभार हातात घेतला. एकेक सायकल खाली काढायला लावली. हा म्हणतोय, "वहिनी, यांना बसून बघू दे." ही म्हणते, "बसायचं सकाळी, ते होतं कसंही. ढकलायला कशी आहे ते दाखवा." हा म्हणाला, "ढकलायलाच पाहिजे तर हातगाडी घ्या!" ही म्हणाली, "हातगाडी मिटते का?" काढली त्यानं पुढची सायकल. गळ्यातली टेप काढून हिनं कॅरियर मापलं, गाठोड्याला पुरतं का बघायला. हँडल माझ्या कोपराशी येतं का ते मापलं. मला उभा करून, हं, पँट मापतात तसं! मग प्रत्येक सायकल दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलून बघितली, कान देऊन. एक मला आवडली होती. हिनं चार पावलं ढकलली आणि म्हणाली, "ही नको. टिकटिक करते." दुकानदार म्हणाला, "फ्रीव्हीलचा आवाज आहे तो. चांगल्या मालाची खूण!" ही म्हणाली, "असेल. पण मी ह्यांना काही सांगत असताना तिनं मधेमधे बोललेलं मला चालणार नाही."

तुम्हाला सांगतो, आमची जुनी निळीही अशीच टिकटिक करायची, पण मी इतकी वर्षं ती ऐकली नव्हती. हिनं ऐकली होती. माझ्याशी बोलताना रोज.

शेवटी कोपऱ्यातली एक काढली. जाड नळ्यांची, लोखंडी, रंग धड हिरवा नाही धड राखाडी नाही, लांबरुंद कॅरियर. ढकलली तर आवाज नाही, मांजरासारखी चालली. ही म्हणाली, "हीच." मी उचलून बघितली आणि माझी पाठ करकरली. "अगं, ही धोंड आहे! तीन जिने आहेत!" तर म्हणते, "चढाल हो. सवय होईल." दुकानदार खाली मान घालून बिल करत होता. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमची मिसेस रोज रिक्षानं येते, भाजीबिजी घेऊन." म्हटलं, मग? "नाही... त्या टिकटिक नसलेल्यातली अजून एक आहे माझ्याकडे." म्हटलं, ठेवा बाजूला. विकू नका.

आणि मग आली की हो ती संध्याकाळ! गाठोडं कॅरियरवर, ही पलीकडून हात ठेवून, सायकल गपगुमान, हवा छान. मी मनाशी म्हटलं, आता बढतीचं सांगेल, नवीन बायकांच्या नकला करेल, हसू आपण. कसलं काय! महिन्याभराचं तुंबलेलं होतं ना, पहिल्यांदा तेच बाहेर आलं! पेट्रोल पंपाच्या आधीच सुरू. आई मला बोलल्या तेव्हा तुम्ही गप्प का बसलात. लेकीच्या फीचं विसरलात कसे. मेहुण्यासमोर "पार्टी देऊ की" म्हणालात, कुणाला विचारून? मी म्हटलं, "अगं, मला माहीतच नव्हतं..." "तेच म्हणते मी! माहीत का नव्हतं? विचारलंत कधी?" पूल गेला, शेवटचं वळण गेलं, जिथं आम्ही गप्प होतो ते वळण हं, तिथंही पट्टा चालूच! घर आलं. मी सायकल फाटकाकडे वळवली, तर हिनं कॅरियर धरून ठेवलं. "कुठे निघालात? अजून व्हायचंय." आणि पुन्हा पुलापर्यंत गेलो हो आम्ही! गाठोड्यासकट! आणि तिथं, त्या दुसऱ्या फेरीत, पुलाच्या कठड्याशी थांबून मग सांगितलं तिनं बढतीचं. पहिल्यापासून, सगळं, मालकानं बोलावलं तेव्हा कात्री हातात तशीच घेऊन कशी आत गेली ते, आणि बाहेर आल्यावर आधी मला सांगावंसं वाटलं आणि मी नव्हतो, ते. डोळे पुसले तिनं. मीही पुसले, म्हटलं धूळ आहे फार.

परत आलो. सायकल मिटली, खांद्यावर घेतली, जिना चढायला लागलो. गाठोडं घेऊन ही पुढे. आणि पहिल्या वळणावर हिला आठवलं, मेहुण्याचं! "आणि काय हो, माझ्या भावाला तुम्ही परवा..." माझ्याकडे उत्तर होतं. अगदी चोख उत्तर होतं, जिभेवर तयार होतं! तोंड उघडलं... तर दम नाही! धोंड खांद्यावर, छाती भात्यासारखी, आवाज म्हणून फुटेना! आणि ही वर चढतेय, बोलतेय, मधे थांबून मला विचारतेय, "बघा, आहे का काही बोलायला?" आणि मी नुसता मान हलवतोय...

तेव्हा कळलं मला हिनं दुकानातली सगळ्यात जड सायकल का निवडली ते. आता रोज असंच. रस्ता दोघांचा, पण जिना तिचा एकटीचा.